घाटातली शांतता कोणाची? जावळी-कोयनेच्या रस्त्यांचा इतिहास, सायकलवरून

 

संयोजकांनी विषय दिला तो असा: सह्याद्रीच्या दुर्गम भागातले, सायकलसाठी शांत असलेले रस्ते. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, तेव्हा कोणाला वाटेल, हे आता सायकलवर काय बोलणार? पण सायकल आमच्याकडे तत्त्वज्ञानाच्या आधीपासून आहे. पुण्यातल्या आमच्या पिढीचे कॉलेज सायकलवरच झाले. आणि आज आम्ही भाषणभर ‘आम्ही’ म्हणणार आहोत, ते मोठेपणासाठी नाही बरं का. आम्ही खरोखरच चौघे होतो. १९७० च्या दशकात काळ्या, बिनगिअरच्या, वजनदार सायकलींवर पुण्याहून वाई आणि वाईहून महाबळेश्वर असे पहिल्यांदा गेलो. पुढे जवळपास पन्नास वर्षे त्या भागात जात राहिलो. चौघांतले आता दोघे उरलो आहोत.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. आपण सगळ्या सह्याद्रीबद्दल बोलणार नाही. डोळ्यांसमोर फक्त एक तुकडा आणा: उत्तरेला महाबळेश्वर, दक्षिणेला कोयनानगर, पूर्वेला सातारा आणि मेढा, पश्चिमेला कड्याखाली पोलादपूर आणि खेड. मध्ये कोयनेचे खोरे. जुन्या कागदांत याच मुलखाचा मोठा भाग ‘जावळी’ म्हणून येतो. दुसरी गोष्ट, कुठे मुक्काम करावा, चहा कुठे बरा मिळतो, ही माहिती तुम्हाला दुसरीकडे मिळेल. आम्हाला विचारायचे आहे ते वेगळे. हे रस्ते शांत आहेत, हे खरे. पण ते शांत *का* आहेत?

हा प्रश्न आमच्या डोक्यात आपण होऊन आला नाही. तो एका बाईंनी घातला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही कोकणातल्या खेडहून निघून रघुवीर घाट चढलो आणि वर शिंदी गावावरून कांदाटी खोऱ्यात उतरलो. पुढे एका गावात पाणी प्यायला थांबलो. एका घराच्या ओट्यावर वयस्कर बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी तांब्याभर पाणी दिले, गुळाचा खडा दिला. आमच्यातला एक जण कौतुकाने म्हणाला, “मावशी, किती शांत आहे हो तुमच्याकडे!” बाईंनी सूप खाली ठेवले आणि म्हणाल्या, “तुमाला शांत वाटतंय गुरुजी. आमाला सुनं वाटतंय.”

झाले. घाटाच्या चढाने लागली नव्हती तेवढी धाप त्या वाक्याने लागली. आवाज तोच, म्हणजे आवाजाचे नसणे तेच. त्याला आम्ही ‘शांत’ म्हणत होतो, त्या ‘सुनं’ म्हणत होत्या. एकाच वस्तुस्थितीला दोन शब्द, आणि दोन्ही खरे. हे कसे काय?

इथे थोडे आमच्या विषयात शिरतो, पण फार वेळ नाही. आपल्याकडे न्याय-वैशेषिक परंपरेत ‘अभाव’ हा एक स्वतंत्र पदार्थ मानला आहे. वैशेषिकांचे मूळचे पदार्थ सहा. सातवा, अभाव, पुढच्या काळात त्यांच्या पंक्तीला बसला. त्यामागचा विचार असा की, ‘नाही’ हे नुसते शून्य नसते. ते कशाचे तरी ‘नाही’ असते. जमिनीवर घट नाही, असे आपण म्हणतो तेव्हा त्या अभावाला एक मालक असतो, तो म्हणजे घट. त्याला नैयायिक ‘प्रतियोगी’ म्हणतात. ज्याचा अभाव, तो प्रतियोगी. प्रतियोगी कोण हे सांगितल्याशिवाय अभावाबद्दल काही बोलताच येत नाही.

आता रस्त्याची शांतता हा अभावच आहे. मग प्रतियोगी कोण? आमच्या मते मोटारी. मावशींच्या मते माणसे. आम्ही दोघे एकाच ओट्यावर बसून दोन निरनिराळ्या अभावांबद्दल बोलत होतो.

नैयायिक अभावाचे प्रकार करतात. त्यातले तीन आज आपल्या कामाचे. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. आणि काही ग्रंथकार आणखी एक सांगतात, सामयिकाभाव: घट फुटलेला नाही, कोणी तरी उचलून दुसरीकडे ठेवला आहे, उद्या परत येईलही. जावळी-कोयनेच्या शांत रस्त्यांचा इतिहास आम्ही या तीन खणांत लावून पाहिला. तो असा.

उचलून ठेवलेली वर्दळ

सामयिकाभावापासून सुरुवात करू. या मुलखातल्या काही वाटा शांत आहेत, कारण त्यांच्यावरची वर्दळ शेजारच्या दुसऱ्या वाटेवर गेली.

कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्रीचा कडा भिंतीसारखा उभा आहे. ही भिंत कुठूनही चढता येत नाही. जिथे एखादी सोंड खाली उतरते किंवा नाळ सापडते, तिथेच वाट होते. म्हणून घाटवाटांना इतके मोल. कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. वरून धान्य, गूळ, मिरची खाली जायची. हे सगळे बैलांच्या पाठीवर. बैल आला की जकात आली, जकात आली की चौकी आली, आणि हिशेब ठेवणारा आला. घाटपांडे हे आपल्याकडचे आडनाव त्याच कामाची आठवण आहे.

जावळीच्या मोऱ्यांना, म्हणजे ‘चंद्रराव’ हा किताब चालवणाऱ्या घराण्याला, जो दबदबा होता तो शेतीच्या उत्पन्नाने आलेला नव्हता. इथे पिकते काय? नाचणी, वरी, थोडा भात. त्यांचे बळ घाटवाटांत होते. महाडकडून वाईकडे जाणारा माणूस त्यांच्या हातातून गेल्याशिवाय जाऊ शकत नव्हता. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली आणि लगेच पार घाटाच्या तोंडावर प्रतापगड बांधायला काढला. त्याचे कारण नकाशा पाहिला की कळते. १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखान वाईहून खाली याच गडाच्या पायथ्याशी आला. तो ज्या उताराने आला असे परंपरा सांगते, त्याचे नाव रडतोंडीचा घाट. नावातच सगळे आले! हत्ती, उंट, तोफा घेऊन त्या वाटेने उतरणाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील, हे कोणी वेगळे सांगायला नको.

खालच्या पार गावाजवळ कोयनेवर दगडी पूल आहे. शिवकालीन म्हणून तो ओळखला जातो. एके काळी तांड्यांची वर्दळ ज्या बाजूने चालत असे, तिथे आम्ही सकाळी दोन तास बसलो तेव्हा एक गुराखी आणि त्याच्या चार म्हशी एवढेच गेले. पुलाला काही झालेले नाही. बैल दुसरीकडे गेले, एवढेच.

कुठे गेले? त्यासाठी एकोणिसाव्या शतकात यावे लागते. १८१८ मध्ये पेशवाई संपली. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते आणि त्यांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट. कर्नल ब्रिग्ज रेसिडेंट असताना, १८२६ च्या सुमारास, त्याच्या आग्रहाने महाराजांनी साताऱ्याहून महाबळेश्वरच्या पठारापर्यंत चांगला रस्ता बांधवला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने त्यानंतर दोन-तीन वर्षांत तिथे थंड हवेचे ठिकाण वसवले. त्याचे नाव बाजारपेठेला राहिले, माल्कम पेठ. ज्या राजाने रस्ता बांधला त्याला इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले. रस्ता मात्र राहिला.

महाबळेश्वरवरचे आतले रस्ते कोणी केले, ठाऊक आहे? तिथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. हजारो मैलांवरून आणलेली ती माणसे. आज ज्या सावलीतून आपण ‘वा, काय रस्ता आहे’ म्हणत जातो, त्यातल्या कित्येक रस्त्यांवर त्यांची मेहनत आहे. त्यांची नावे कुठल्याही पॉइंटला दिलेली नाहीत. पॉइंटांना नावे साहेबांची आणि साहेबांच्या मुलींची.

पुढे वाईकडून पसरणी घाटाने येणारा रस्ता मुख्य झाला, कारण पुण्या-मुंबईची माणसे त्या बाजूने येणार. साताऱ्याहून मेढा, केळघर करत चढणारी बाजू मागे पडली. शतकाच्या उत्तरार्धात कोकणच्या बाजूलाही गाडीरस्ता झाला. गव्हर्नर फिट्झजेराल्डच्या नावाचा तो घाट आपण आंबेनळी म्हणून ओळखतो. तो झाल्यावर पार घाटाची वाट ओस पडली.

आजही शनिवारी-रविवारी पसरणी घाटात गाडीला गाडी लागलेली असते आणि त्याच वेळी केळघरच्या बाजूला सायकलच्या चेनचा आवाज ऐकू येतो. ही शांतता उसनी आहे. पसरणीतल्या धुराने तिचे भाडे भरलेले आहे. उद्या पसरणीत दरड कोसळली आणि गाड्या केळघरकडे वळवल्या, तर ती एका तासात संपते. घट परत जमिनीवर येतो.

बैलाचा चढ

इथे थोडे थांबून एक गंमत सांगतो. घाटरस्ते सायकलला इतके मानवतात ते का?

पायवाट चढणारा माणूस किंवा पाठीवर ओझे असलेला बैल बराच उभा चढ चढतो. गाडीला जुंपलेला बैल चढत नाही. गाडी मागे ओढते. म्हणून गाडीरस्ता आखणाऱ्या इंजिनिअरांनी एक प्रमाण धरले: साधारण वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. आजही आपल्याकडच्या डोंगरी रस्त्यांच्या प्रमाणांत सर्वसाधारण चढ पाच टक्के धरतात, म्हणजे तेच, विसात एक. रडतोंडीसारखी सरळ वाट सोडून रस्ता डोंगराला वळसे घालत जातो तो याच हिशेबापायी.

आता योगायोग बघा. दम लागलेल्या बैलाला जो चढ झेपतो, तोच साठी-सत्तरीतल्या सायकलस्वाराला झेपतो! पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर चाळीसेक किलोमीटर. चढण सुमारे तेराशे मीटर. सरासरी काढली तर तीन-सव्वातीन टक्के. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर हे वजन तेराशे मीटर उचलायला सुमारे १,०८० किलोज्यूल काम होते. शरीर खाल्लेल्यातले एक-चतुर्थांशच कामी लावते असे धरले, तर हजारभर किलोकॅलरी. म्हणजे भाकरी आणि पिठल्याचे एक भरपूर जेवण आणि वर थोडा गूळ. घाई केली नाही तर यात अशक्य काहीच नाही. आमच्या बिनगिअरच्या दिवसांत आम्ही अर्धा घाट सायकल हातात धरून चालत गेलो, तेही सांगून टाकतो. त्यात कमीपणा नाही. बैलही मध्ये थांबतच असत.

तेव्हा ज्या चढावर आपण ‘सायकलसाठी आदर्श’ अशी पाटी मनात लावतो, तो जनावराच्या छातीला किती सोसेल यावरून ठरलेला चढ आहे.

बुडालेली वर्दळ

आता दुसरा खण, प्रध्वंसाभाव. हा अवघड आहे.

साताऱ्याहून कास पठार पंचवीस किलोमीटर. फुलांच्या दिवसांत तिथे गर्दी असते. पश्चिम घाटातली जी ३९ स्थळे युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशात घेतली, त्यांत कास आहे. गर्दी तिथेच थांबते. पुढे बामणोलीकडे उतरणारा रस्ता मोकळा होतो. बामणोलीला रस्ता पाण्यापाशी संपतो. तिथून लाँचमध्ये सायकली आडव्या टाकायच्या आणि तापोळ्याला उतरायचे. तापोळ्याहून महाबळेश्वरपर्यंत तीस किलोमीटरच्या आतबाहेर चढ. आमच्या आयुष्यातले काही सर्वांत सुंदर दिवस या वाटेवर गेले. पर्यटक तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात.

पण रस्ता पाण्यापाशी का संपतो? कारण ते पाणी नेहमीचे नाही. कोयना महाबळेश्वरला उगवते, दक्षिणेला वाहत जाते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. हेळवाकच्या वळणापाशी १९५० च्या दशकात धरणाचे काम निघाले, साठच्या दशकात ते उभे राहिले. १०३ मीटर उंच भिंत, एकशेपाच टीएमसी पाणी. त्या पाण्याचा मोठा वाटा बोगद्यांतून कड्याखाली पोफळीकडे सोडतात आणि त्यावर वीज होते. एके काळी जे बैल देशावरून कोकणात उतरत, त्यांच्या जागी आता पाणी उतरते. मुंबई-पुण्यातल्या आमच्या घरातले दिवे त्यावर लागले. अभ्यासाला बसायचो तो उजेडही त्यातलाच असणार.

शिवसागर भरला तसे खोऱ्याचा तळ गेला. भाताची खाचरे तळाला असतात, नदीकाठची वाट तळाला असते, देऊळ आणि बाजार तळाला असतात. कोणी डोंगर चढून वर राहिले. कोणाला सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा लांबच्या मुलखांत जमिनी दाखवल्या गेल्या. डोंगरात नाचणी करणाऱ्या माणसाला सोलापूरकडची जमीन! प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ चा. देशात त्या बाबतीत आपण पुढे होतो, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण कोयनेची माणसे त्याच्या कितीतरी आधी उठली होती. त्यातल्या अनेकांचे प्रश्न आजही आंदोलनात आहेत. त्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले.

जे उरले त्यांनी काय करायचे? जमीन बुडालेली, जंगलावर निर्बंध. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले, २०१० मध्ये ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. जंगल वाचले पाहिजे, यात शंका नाही. पण तरुण माणूस मुंबईला गेला. जावळी आणि पाटण तालुक्यांतले किती तरी लोक मुंबईच्या गोदीत, बाजारात, गिरण्यांत ओझी वाहू लागले. १९६९ चा माथाडी कायदा ज्या अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आला, ते पाटण तालुक्यातलेच. म्हणजे बघा, घाटात ओझे वाहणारे बैल गेले आणि त्याच मुलखातली माणसे मुंबईत ओझे वाहायला गेली.

गावात म्हातारी माणसे राहिली. मग शाळेचा पट घटतो. पट घटला की शाळा बंद व्हायची भाषा सुरू होते. एसटीला प्रवासी मिळत नाहीत, मग मुक्कामी गाडी बंद होते. मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. संध्याकाळी शेवटच्या गावात येऊन रात्रभर थांबणारी आणि पहाटे परत निघणारी एसटी. ती असली की गावातले मूल तालुक्याच्या कॉलेजात जाऊ शकते, आजारी माणूस सकाळी दवाखान्यात पोचतो. ती बंद झाली की रस्ता आणखी शांत होतो. आमच्यासारखे सायकलवाले म्हणतात, वा!

प्रध्वंसाभावाबद्दल नैयायिक सांगतात की, त्याला सुरुवात असते पण शेवट नसतो. फुटलेला घट तोच घट म्हणून परत होत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा काठावर जुन्या बांधांच्या, जोत्यांच्या ओळी दिसतात. त्या पाहताना हे वाक्य आठवते. मावशींचे ‘सुनं’ हे इथले होते.

अजून न आलेली वर्दळ

तिसरा खण प्रागभावाचा. घट अजून घडायचा आहे. नैयायिकांच्या मते प्रागभाव अनादी असतो, पण त्याला शेवट असतो. घट घडला की तो संपला.

कांदाटी खोऱ्याचा काही भाग असा आहे. तिथे मोठी वर्दळ कधी आलेलीच नाही. पण ती येऊ घातली आहे. राज्य सरकारने सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या तालुक्यांतल्या दोनशेहून अधिक गावांसाठी ‘नवीन महाबळेश्वर’ ही गिरिस्थानाची योजना आखली आणि महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला तिथले विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. जलाशयावर मोठे पूल, रुंद रस्ते, पर्यटन. जुन्या महाबळेश्वर-पाचगणीला २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध आहेत, तिथे गर्दी मावत नाही. मग ती शेजारी सरकवायची.

याबाबत आमची एक चूक कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी त्या भागात रस्ता रुंद होणार अशी बातमी आली. आम्ही तावातावाने एका वर्तमानपत्राला पत्र लिहिले. निसर्ग, शांतता, सह्याद्रीचे वैभव, सगळे त्यात होते. ते छापून आले. आठवड्याने एका वाचकाचे उत्तर छापून आले. तरुण मुलगा, त्याच खोऱ्यातला, नोकरीला नवी मुंबईत. त्याने लिहिले होते त्याचा आशय असा: सर, माझ्या आजीला पावसात झोळीत घालून आठ माणसांनी लाँचपर्यंत नेले. त्या दिवशी रस्ता तुम्हाला आवडतो तसाच होता, अगदी शांत.

त्याचा राग कुठेही असभ्य नव्हता. म्हणूनच तो लागला. आम्ही त्याला उत्तर लिहायला बसलो आणि तीन वेळा कागद फाडला. कारण आमचा युक्तिवाद सरळ सांगितला तर असा होत होता की, आम्हाला वर्षातून चार दिवस निवांत सायकल चालवता यावी म्हणून तुम्ही वर्षभर दवाखान्यापासून लांब राहा. असे वाक्य कोणी विद्यार्थ्याने परीक्षेत लिहिले असते तर आम्ही लाल शाईने खोडले असते.

मग आम्ही काय इच्छावे? या प्रश्नावर पुढे बराच विचार केला. त्यातले जे टिकले ते सांगतो.

पहिली गोष्ट, गावाला काय हवे आहे आणि योजनेत काय आहे, या दोन गोष्टी एक नाहीत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, खोऱ्यातही तो कमी नाही. गावाला हवा आहे तो त्या पावसात न वाहून जाणारा रस्ता. मोऱ्या साफ असलेला, दरडीला भिंत असलेला, रुग्णवाहिका जाईल एवढा. दिवसाला दोन एसटी आणि एक मुक्कामी गाडी. उपकेंद्रात नर्स. या सगळ्याने सायकलवाल्याची शांतता मोडत नाही हो! दिवसातून दोन वेळा एसटीला वाट द्यायला कडेला थांबले, तर दमही खाल्ला जातो. शांतता मोडते ती शनिवारी-रविवारी येणाऱ्या गाड्यांच्या रांगांनी आणि डोंगर कापून होणाऱ्या बांधकामाने. पत्र लिहिताना आम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरले होते.

दुसरी गोष्ट निर्णयाची. २०११ मध्ये माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला. त्यावर पुष्कळ वाद झाले. पण त्यातला एक आग्रह आम्हाला बिनतोड वाटतो: काय राखायचे आणि काय बांधायचे हे ठरवताना ग्रामसभेला विचारा. जकात घेणाऱ्या मोऱ्यांनी विचारले नव्हते, रस्ता आखणाऱ्या साहेबाने विचारले नव्हते, धरण बांधताना विचारले नव्हते. या मुलखाच्या इतिहासात दर वेळी रस्ता दुसऱ्याच कोणासाठी आला. आता एकदा तरी तिथल्या माणसाला विचारून येऊ दे. आणि ग्रामसभा जे ठरवेल ते आम्हा सायकलवाल्यांना आवडेलच असे नाही. ते आम्ही सोसावे.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली. तिथे जाल तेव्हा मागे सामानाची मोटार घेऊन जाऊ नका. गावातल्या घरी जेवा, पैसे विचारून पूर्ण द्या. शक्य असेल तिथे एक टप्पा एसटीने करा, गावाला गाडी टिकायला प्रवासी लागतात. आणि ‘किती शांत आहे’ असे म्हणण्यापूर्वी, इथे पूर्वी कोण होते, एवढे विचारा. कोणी तरी नक्की सांगेल. आम्हाला जे कळले त्यातले बरेचसे ओट्यांवर बसूनच कळले आहे.

म्हणजे निष्कर्ष काय? शांत रस्ता वाईट असे आम्ही म्हणत नाही. ज्या रस्त्यावर मोटारींचा अभाव आहे पण माणसांचा नाही, तो शांतही असतो आणि सुनाही नसतो. असे रस्ते या मुलखात अजून आहेत. केळघरच्या बाजूला शाळा सुटल्यावर चालत निघालेली पोरे आपल्याला बघून ओरडतात, मागे पळतात, चढावर तर सहज गाठतात. ती गाठतात तोपर्यंत सगळे ठीक आहे असे समजावे.

शेवटी एवढेच सांगतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे त्याच भागात एका गावी मुक्कामाला होतो. आता सायकलीला गिअर आहेत आणि आमच्या गुडघ्यांना पट्टे आहेत. पहाटे पाचच्या सुमाराला मोठ्याने घरघर सुरू झाली आणि झोप मोडली. अंगणात येऊन पाहतो तो देवळापाशी मुक्कामी एसटी. ड्रायव्हर इंजिन गरम करत होता. दोन मुली दप्तरे घेऊन, डोक्याला स्कार्फ बांधून चढल्या. एक म्हातारबुवा काठी टेकत आले, कंडक्टरने त्यांचा हात धरून वर घेतले. गाडी दिवे लावून वळणाआड गेली, आणि तिचा आवाज बराच वेळ घाटात ऐकू येत राहिला.

आमचा मित्र म्हणाला, “झोप गेली राव.” आम्ही म्हटले, “जाऊ दे.”